प्रबंध कपाटात जाण्यापूर्वी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

प्रबंधाची तोंडी परीक्षा, व्हायवा, पार पडल्याचे कळले, फार आनंद झाला. सोनेरी अक्षरांचा तो जाड प्रबंध आता कपाटात जाईल आणि ड्युटी लिस्टमध्ये तुझे नाव पूर्वीसारखेच लागेल, म्हणून त्यातून संशोधन-पत्रिकेसाठी, म्हणजे जर्नलसाठी, निबंध कसा काढावा हे आजच लिहिते आहे.

प्रबंधात आपण किती वाचले हे परीक्षकांना पटवून द्यायचे असते. जर्नलच्या तीन-चार हजार शब्दांत मात्र एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचे असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जेटीवर मासळी निवडणाऱ्या मधुमेही बायकांच्या पायांवर तू काम केलेस, त्यातला सर्वांत मोलाचा ऐवज मला चौथ्या प्रकरणातल्या एका तक्त्यात दिसला: माशाचा काटा पायात रुतला तरी ज्यांना तो जाणवलाच नाही, अशा बायकांचा. पहिला निबंध त्यावरच लिही.

जर्नलसाठी निबंध तपासणाऱ्या समीक्षकांचे शेरे वाचून राग येईल. येऊ दे, पण उत्तर दोन दिवसांनी लिही. प्रत्येक शेऱ्याखाली काय बदलले ते नोंदव आणि जो शेरा मान्य नाही त्याचे कारण दे. जूनमध्ये फेरतपासणीला इतक्या कमी बायका का आल्या, असे परगावचा समीक्षक हमखास विचारील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, जेटी ओस पडते, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की तू ते प्रबंधातही लिहिलेले नाहीस. ते अभ्यासाच्या मर्यादांत ढकलू नकोस, पद्धतीच्या भागातच सांग.

जर्नल निवडताना मी एकदा फसले होते. चार दिवसांत स्वीकृतीपत्र आले, सोबत शुल्काची मागणी, आणि प्रश्न एकही नाही. तेव्हा मला तो माझ्या लेखनाचा गौरव वाटला! तो निबंध मी आजही कोणाला दाखवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादीही बंद केली, तेव्हा आता पारख आपल्यालाच करायची आहे: त्या जर्नलमधले दोन-तीन निबंध मुळातून वाच, ते तुला पटले तरच पाठव, आणि एका वेळी एकाच ठिकाणी.

लेखकांची नावे आणि क्रम लिहायला बसण्याआधीच ठरवा. ज्यांनी काम केले नाही आणि मसुदाही वाचला नाही, त्यांचे नाव केवळ रीत म्हणून घालायचा आग्रह झाला, तर आभारात जागा आहे असे नम्रपणे सांग. हे अवघड जाईल, मला ठाऊक आहे.

रत्नागिरीतले काम कोण छापणार, असे तू फोनवर म्हणालीस. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे टिपली ती महाडच्या परिसरात, आणि १९८२ मध्ये ती लॅन्सेट या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली.

गाईडचे काम संपले असले तरी मसुदा वाचणारे कोणी तरी हवेच, आणि मला सध्या वेळ आहे. गणपतीला घरी येशील तेव्हा तो तक्ता घेऊन ये. प्रबंध आणू नकोस.

तुझी,
जुनी शिक्षिका