वाचकांचे प्रश्न : वैमानिक तेच वाक्य परत का म्हणतो?

प्रश्न : हवाई वाहतूक नियंत्रकाने रेडिओवर सांगितलेलं वैमानिक जसंच्या तसं पुन्हा म्हणतो. नुसतं 'रॉजर' म्हणून भागत नाही का?

उत्तर : नाही भागत. 'रॉजर' म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकलं, इतकंच. काय ऐकलं, हे त्यातून कळत नाही. म्हणून मार्गाची परवानगी, उंची, दिशा, वेग, अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) सेटिंग, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) चार अंकी कोड आणि धावपट्टीवर जाण्याच्या, ती ओलांडण्याच्या किंवा तिच्याअलीकडे थांबण्याच्या सूचना कॉलसाइनसह (रेडिओवर विमानाचं ओळखनाव) परत म्हणाव्याच लागतात. याला रीडबॅक म्हणतात. 'समोरचं विमान उतरल्यावर त्याच्यामागून धावपट्टीवर या' अशी सशर्त सूचना असेल, तर अटही म्हणायची. ती गाळली की उरते बिनशर्त परवानगी.

अवघड काम मात्र नियंत्रकाचं. आपण सांगितलेला आकडाच परत येणार अशी कानाची तयारी झालेली असते, त्यामुळे चुकीचा आकडा सहज निसटतो. मिळत्याजुळत्या कॉलसाइनची दोन विमानं असली, तर एकाची सूचना दुसरंच विमान परत म्हणतं. म्हणून रीडबॅक चालू असताना नियंत्रकाने दुसरं काहीही करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मार्गाची परवानगी मिळाली की विमान उडू शकतं ना?

उत्तर : मुळीच नाही. कुठून, किती उंचीवर, कोणत्या कोडने जायचं एवढंच ती सांगते. 'लाइन अप अँड वेट' म्हटल्यावरही धावपट्टीवर जाऊन थांबायचंच असतं. टेकऑफची परवानगी टॉवर, म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष, वेगळी देतो.

हा फरक पुसट झाला की काय होतं, ते 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दिसलं. दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या विमानाला मार्गाची परवानगी मिळाली. तिच्यात 'टेकऑफनंतर उजवीकडे वळा' अशी सूचना होती. रीडबॅकच्या शेवटी वैमानिक म्हणाला, 'वुई आर नाउ अ‍ॅट टेकऑफ'. नियंत्रकाला वाटलं, विमान तयार होऊन उभं आहे. प्रत्यक्षात ते सुटलं होतं. नियंत्रकाने 'ओके' म्हणून लगेच थांबायला सांगितलं, पण त्याच क्षणी अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमचं विमान 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगू लागलं. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज होतो. त्यात पुढचं बोलणं दबलं, 'ओके' तेवढं स्पष्ट पोचलं. दोन्ही विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली.

आता 'टेकऑफ' हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' : 'रेडी फॉर डिपार्चर'.

प्रश्न : मी रेडिओ टेलिफोनी, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याची पद्धत, शिकते आहे. माझी पहिली एक-दोन अक्षरं तुटतात. काय करू?

उत्तर : माइकचं बटण दाबण्याबरोबर बोलायला लागत असाल. दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, आणि वाक्य संपल्यावरच सोडा. त्याआधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका. आकडे सुटे म्हणा : नऊला 'नायनर', तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ'. उंची सांगताना 'टू' या शब्दाला जपा. 'क्लाइंब टू' मधला 'टू' दोनचा आकडा म्हणून ऐकला जातो. ऐकण्यात शंका राहिली तर अंदाजाने रीडबॅक देऊ नका, 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हणा. नियंत्रकाला त्याचा राग येत नाही.