आवृत्ती मागे नेण्याआधी डेटा बघा

लिनक्सवर अपडेट केलं, काहीतरी बिघडलं, आता आधीची आवृत्ती कशी आणू? हा एकच प्रश्न दर आठवड्याला वेगवेगळ्या शब्दांत येतो. म्हणून या वेळी निवडक उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न : अपडेटनंतर उबुंटू काळ्या स्क्रीनवरच थांबतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावं लागेल, डेटा काढायचे पैसे वेगळे. (पंचवटी)

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणा आणि 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडा. उबुंटू तो अशा वेळेसाठीच ठेवून देतो. त्यावर मशीन चाललं तर नवा कर्नल आणि ड्रायव्हर यांचं जमत नाही, एवढंच. ते जाणकाराकडून बघून घ्या. कर्नल न तपासता फॉरमॅटचा दर सांगणाऱ्याकडून नको.

प्रश्न : एका प्रोग्रामचं पॅकेज जुन्या आवृत्तीवर मागे नेलं, पण पुढच्या अपडेटला ते परत नवं झालं. (नाशिकरोड)

उत्तर : 'एपीटी-मार्क होल्ड' ही आज्ञा वापरा, म्हणजे पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर थांबतं. मात्र तेवढा काळ त्या पॅकेजच्या सुरक्षा दुरुस्त्याही थांबतात, हे विसरू नका.

प्रश्न : वर्कशॉपच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल हा डेटाबेस ५.७ चा ८.० केला. बिलिंगचा प्रोग्राम अडखळतो. तो देणारा म्हणतो, ५.७ परत टाका, पाच मिनिटांचं काम. तीन आठवडे झाले. (अंबड)

उत्तर : हे पाच मिनिटांचं काम नाही. असं सांगणाऱ्याने तुमच्या डेटाचा विचारच केलेला नाही. ८.० पहिल्यांदा सुरू होताना जुन्या डेटाची अंतर्गत रचनाच बदलते. त्यानंतर ५.७ टाकलंत तरी ते तुमची डेटा डिरेक्टरी (डेटा ठेवलेला फोल्डर) उघडणार नाही. ८.० वरून ५.७ वर थेट उतरण्याची सोय मायएसक्यूएलने दिलेलीच नाही. फायरफॉक्सचंही तसंच : नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडू देत नाही. प्रोग्राम काढून दुसरा बसवता येतो. त्याने लिहून ठेवलेला डेटा आपोआप मागे येत नाही.

अपडेटच्या आधीचा बॅकअप असेल, तर ५.७ वर तो चढवता येईल. पण या तीन आठवड्यांची बिलं त्यात नसतील. ती ८.० मधून डंप (नोंदींची मजकूर-प्रत) काढून न्यावी लागतील, आणि तिथे कोलेशनवरून (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांवरून) अडेल, कारण ८.० चं डीफॉल्ट कोलेशन ५.७ ला माहीतच नाही. पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर एका दिवसाची बिलं हाताने भरून भागलं असतं. आता रोज एक दिवस वाढतो आहे. आजच सेवा बंद करून अख्खी डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पुढचं सगळं वेगळ्या मशीनवर, डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करा. शिवाय ५.७ चा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला आहे. बिलिंगवाल्याकडून ८.० वर चालणारा प्रोग्राम मागणं हाच खरा उपाय.

प्रश्न : मित्राने एका साइटवरून जुन्या लिबसीची डेब फाइल (पॅकेजची फाइल) दिली. टाकू का? (गंगापूर रोड)

उत्तर : अजिबात नको. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम लिबसीवर उभा असतो. उबुंटू ज्यावर आधारलेला आहे त्या डेबियनमध्ये पॅकेज मागे नेण्याला अधिकृत पाठिंबाच नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घातपाती कोड सापडला, तेव्हा डेबियनने जुना कोड '५.६.१+रिअली५.४.५' अशा वाढीव क्रमांकाने दिला, म्हणजे ती आवृत्ती घेतलेल्यांना तो नेहमीच्या अपडेटमधूनच मिळाला. 'एपीटी पॉलिसी' या आज्ञेने तुमच्या रेपॉझिटरीत (अपडेट जिथून येतात त्या साठ्यात) कोणत्या आवृत्त्या आहेत ते बघा. हवी ती नसेल तर कॉलेजच्या लॅबमधल्या अनुभवी माणसाला आधी विचारा. फाइल टाकून झाली असेल, तर मशीन बंद न करता त्यालाच बोलवा.

प्रश्न : टाइमशिफ्ट हा प्रणालीच्या प्रती ठेवणारा प्रोग्राम चालू आहे. म्हणजे बॅकअप आहेच ना? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय टाइमशिफ्ट होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइल घेत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा.