सतत धास्ती आणि त्याच वेळी कशातच मन लागत नाही, असं दोन्ही एकत्र होतं का? सोलापुरात कुठे दाखवावं?

हो, आणि बऱ्याचदा होतं. धास्तीमुळे माणूस एकेक गोष्ट टाळतो. टाळल्यामुळे दिवस रिकामा होतो, त्यातून उदासी वाढते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. यांच्या बिघाडातही अशीच लक्षणं दिसतात.

दोन्हींवर बहुधा एकच गोळी चालते. गडबड इथेच होते: पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते आणि फरक जाणवायला २ ते ६ आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशीच गोळी सोडतात. तसं करू नका, त्रास डॉक्टरांना सांगा. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवावी लागते. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी तर नकोच, सवय लागते.

रोज एक ठरलेलं छोटं काम करा, मन नसलं तरी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर तलावाकडे वीस मिनिटं चाला. दुपारनंतर चहा बंद.

जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका: घरच्यांना लगेच सांगा, १४४१६ वर फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.