गॅस गिझर मध्येच बंद पडतो? सर्किट बदलण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की घर सिंहगड रोडला, सगळ्यात वरच्या म्हणजे चौथ्या मजल्यावर. सहा लिटरचा गॅस गिझर ड्राय बाल्कनीत आहे. आठवडाभर कधी पेटतच नाही, कधी पेटून लगेच विझतो. सेल बदलून झाले, आणि मेकॅनिक म्हणतो सर्किट गेलंय. सर्किटचे पैसे इतक्यात देऊ नका. मी कोथरूडला 17 वर्षं गॅस गिझर वापरतोय, सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे उघडून पाहिलेत. सर्किट खरोखर गेलेलं मला दोनदाच सापडलं.

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, पुढे सरकतो. तो पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच दाबते. मग सर्किट जागं होतं, टिकटिक ठिणग्या पडतात, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत लागते. ज्योतीत एक बारीक दांडी असते, ती सेन्सर. तिला ज्योत जाणवली तरच गॅस चालू राहतो. म्हणून घरच्यांना गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडायला सांगा आणि तुम्ही गिझरपाशी उभं राहून ऐका.

टिकटिकच येत नसेल तर सेल किंवा पाणी, दोन्हींपैकी एक. सेल नवे आहेत म्हणता, पण सेलच्या खोक्यातली धातूची पट्टी बघितलीत का? आमच्याकडे जुना सेल पाझरून पट्टीवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. नवे सेल टाकूनही करंट पोचत नव्हता. काचपेपरने घासली, चालू झाला. चांगले अल्कलाइन सेल टाका, दोन्ही एकदम बदला.

आता पाणी. मला तुमच्याकडे इथेच शंका आहे. टाकी तुमच्या डोक्यावरच, त्यामुळे दाब कमी. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार. तुमच्या गिझरच्या वर टाकी दोन-तीन मीटरच असेल, तर हाती येतो पाव बारच्या आसपास. पडदा सरकायला तेवढा जेमतेम पुरतो, त्यात जरा अडथळा आला की संपलं. गिझरचा पाण्याचा कॉक बंद करून आत येणाऱ्या पाइपचा नट सोडा, तिथे छोटी जाळी असते. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर माझ्या जाळीत तांबूस रेती आणि टेफ्लॉन टेपचा चोळामोळा झालेला तुकडा निघाला होता. जुन्या ब्रशने घासून परत बसवली, एवढंच. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षारही धरतात. खडकवासल्याच्या पाण्याने एवढा त्रास होत नाही.

गरम नळाखाली बादली लावून एक मिनिट मोजा. तीन लिटरही भरत नसेल तर दोष गिझरचा नाही. आणखी एक, शॉवरच्या मिक्सरमध्ये गार पाणी मिसळू नका. गार पाण्याचा दाब गरम लाइनपेक्षा जास्त असतो, तो गिझरमधून येणारं पाणी मागे रेटतो आणि गिझर विझतो. गरम नळ पूर्ण ठेवा, जास्त गरम वाटलं तर ज्योतीचा नॉब कमी करा. मला वाटतं निम्म्या तक्रारी एवढ्यानेच सुटतात.

टिकटिक येते पण ज्योत लागत नाही, तर गॅस. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. शेगडी पेटते म्हणून गॅस भरपूर आहे असं समजू नका, गिझर शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट गॅस ओढतो. नळी कुठे दुमडली आहे का तेही बघा. एमएनजीएलची, म्हणजे पाइपने गॅस देणाऱ्या कंपनीची, पाइपलाइन घेतली असेल तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदललेत का, हे विचारा. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट वेगळे असतात, ते स्वतः बदलू नका.

ज्योत लागून पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर गॅस बंद करून गिझर गार होऊ द्या, मग त्या सेन्सरच्या दांडीवरची काजळी बारीक काचपेपरने अलगद पुसा. वीस मिनिटांनीच बंद पडत असेल तर ते टायमरचं काम, बऱ्याच गिझरांत तो मुद्दाम असतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हिवाळ्यात सोय म्हणून गिझर बाथरूममध्ये हलवायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. बंद खोलीत जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. ड्राय बाल्कनीलाही काचा लावून पूर्ण बंद करू नका. ज्योत पिवळी दिसली तर वापरणं थांबवा. गॅसचा वास आला तर टिकटिक करूच नका, सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा आणि 1906 वर फोन करा.

आज संध्याकाळी एवढं बघा: टिकटिक येते का, ज्योत किती सेकंद टिकते, मिनिटाला पाणी किती पडतं. तीनही कळवा, मग सर्किटचं बोलू.