फिनमार्कचा समुद्र गोठत का नाही, आणि तिथे जुनी घरे का दिसत नाहीत?

आपण विचारले आहे की, नॉर्वेचा फिनमार्क हा भाग आर्क्टिक वृत्ताच्याही बराच उत्तरेला असून तिथला समुद्र हिवाळ्यात गोठत का नाही, आणि शेकडो वर्षांची वस्ती असूनही तिथल्या गावांच्या छायाचित्रांत जुने घर म्हणून का दिसत नाही. वरवर पाहता पहिला प्रश्न भूगोलाचा आणि दुसरा इतिहासाचा आहे. पण या किनाऱ्यापुरते बोलायचे तर दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्याच पोटात आहे. काही वर्षांपूर्वी एका एप्रिल महिन्यात मी या किनाऱ्यावर दहा दिवस होतो आणि त्याआधी व नंतरही त्याविषयी बरेच वाचत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

आधी प्रदेशाचा अंदाज यावा म्हणून. फिनमार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४८,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपले पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे एकत्र केले तर होईल जवळपास तेवढे. आणि एवढ्या जागेत माणसे राहतात ती फक्त पाऊण लाखाच्या आसपास. युरोपच्या नकाशाच्या माथ्यावर नॉर्वे उजवीकडे वळून रशियाला टेकतो, तो हा भाग. इथले वार्डो हे बेटावरचे गाव ३१ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे, तरी तिथले घड्याळ मात्र ऑस्लोच्या वेळेनुसार चालते. किनारा सरळ नाही. आल्टा, पोरसांगर, लाक्से, ताना आणि वारांगर असे पाच मोठे फ्योर्ड, म्हणजे समुद्राचे जमिनीत लांबवर शिरलेले फाटे, त्यात घुसलेले आहेत. त्यांपैकी वारांगरचे तोंड तेवढे पूर्वेला उघडते आणि बाकीच्यांची उत्तरेला. पर्यटक ज्या नॉर्डकॅपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर युरोपचे टोक म्हणून उभे राहतात, तो कडा मुख्य भूमीवर नसून मागेरोया या बेटावर आहे. आणि त्या बेटाचेही खरे उत्तर टोक म्हणजे शेजारचा क्निवशेलोडेन हा बुटका खडक, जिथे पायी चालत जावे लागते. साहजिकच तिथे गर्दी नसते.

आता समुद्राबद्दल. अटलांटिकच्या उष्ण भागातून निघालेल्या पाण्याची एक शाखा नॉर्वेच्या संपूर्ण किनाऱ्याला घासत उत्तरेकडे येते आणि नॉर्डकॅपला वळसा घालून बॅरेंट्स समुद्रात शिरते. हे पाणी इथवर येता येता पुष्कळ निवलेले असते, पण समुद्राचे खारे पाणी गोठायला लागते ते उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तेवढे ते निवत नाही. नैर्ऋत्येकडून येणारे वारे या पाण्यावरची ऊब किनाऱ्यावर आणतात. त्यामुळे ७० अंश उत्तर अक्षांशावर, जिथे कॅनडाच्या बॅफिन बेटाभोवतीचा समुद्र वर्षातले कित्येक महिने बर्फाने बंद असतो, तिथे फिनमार्कची बंदरे जानेवारीतही चालू राहतात. फ्योर्डच्या आतल्या टोकांना, जिथे नद्यांचे गोडे पाणी मिसळते, तिथे बर्फ धरतो, पण तेवढेच. या समुद्राची किंमत कळायची असेल तर किनारा सोडून आत जावे. पोरसांगर फ्योर्डच्या टोकापासून काराशोक हे गाव रस्त्याने जेमतेम पाऊणशे किलोमीटर आहे आणि नॉर्वेतले आजवरचे नीचांकी तापमान, उणे ५१.४ अंश, १ जानेवारी १८८६ रोजी तिथेच नोंदले गेले. मात्र समुद्राची ही ऊब उन्हाळ्यात उलटी वागते. वार्डोला जुलैचे सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपासच घुटमळते, म्हणून त्या बेटावर झाडे वाढत नाहीत. उलट आल्टाच्या आडोशाला पाइनचे जंगल आहे.

उघड्या समुद्राबरोबर आले मासे, आणि माशांबरोबर माणसे. आल्टा फ्योर्डच्या काठावर खडकांत कोरलेली हजारो चित्रे आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची असून १९८५ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रेनडिअर, अस्वले, होड्या आणि एका ठिकाणी दोरीने भला मोठा हॅलिबट मासा ओढणारा माणूस. गंमत अशी की, इथे जितके वर चढावे तितके चित्र जुने. हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर येत राहिली, कोरणारे मात्र दरवेळी पाण्याजवळचाच खडक निवडत आले. त्यामुळे जुनी चित्रे आज समुद्रापासून वीस-पंचवीस मीटर उंचीवर जाऊन बसली आहेत.

या भूमीचे मूळचे लोक सामी. फिनमार्क या नावातला ‘फिन’ हा शब्दसुद्धा फिनलंडच्या लोकांसाठी नाही. जुन्या नॉर्स भाषेत तो सामींसाठी वापरत. नवव्या शतकाच्या अखेरीस ओत्तर नावाच्या एका नॉर्वेजियन सरदाराने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या प्रवासाची हकीकत सांगितली आणि ती लिहून ठेवली गेली. उत्तरेला किनारा धरून गेलो, वाऱ्याने दिशा बदलेपर्यंत थांबलो, मग पूर्वेला वळलो, असे त्यात आहे. आणि सामींकडून वसूल होणाऱ्या कराची यादीही आहे. त्यांच्यातल्या मातब्बराने पंधरा मार्टेनची (मुंगसासारखा एक केसाळ प्राणी) कातडी, पाच रेनडिअरची, एक अस्वलाचे, शिवाय पिसे आणि जहाजाचे दोरखंड द्यायचे. पुढे कित्येक शतके डेन्मार्क-नॉर्वे, स्वीडन आणि रशिया असे तिघेही एकाच सामी वस्तीवर कर बसवत राहिले. ओसाड वाटणाऱ्या या मुलखावर राजांचा एवढा डोळा का, याचे उत्तर पुन्हा उघडा समुद्र हेच आहे. १५५३ मध्ये रिचर्ड चॅन्सेलर हा इंग्रज खलाशी याच वाटेने श्वेत समुद्रात आणि तिथून मॉस्कोला पोहोचला, आणि रशियाशी व्यापाराचा उत्तरेचा दरवाजा उघडला. त्याच मोहिमेचा प्रमुख विलोबी मात्र आपल्या सगळ्या माणसांसह कोला किनाऱ्यावर हिवाळ्यात मरण पावला. तो दरवाजा आपला आहे हे ठसवण्यासाठी १५९९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिश्चन स्वतः जहाजातून वार्डोपर्यंत आला होता. वार्डोला १३००च्या सुमारापासून किल्ला आहे. आज दिसतो तो ताऱ्याच्या आकाराचा किल्ला १७३४ ते १७३८ या काळात बांधलेला.

या वार्डोचे एक काळे प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ उठले आणि वार्डो व शेजारच्या किबर्ग गावांचे चाळीस मच्छीमार बुडाले. चार वर्षांनी हे वादळ चेटक्यांनी उठवले असा खटला उभा राहिला. त्या शतकात अशा खटल्यांतून फिनमार्कमध्ये ९१ जणांना ठार करण्यात आले, आणि हे सारे जेमतेम तीन हजार वस्तीच्या मुलखात. मारल्या गेलेल्यांत बहुतेक कोळ्यांच्या बायका होत्या, आणि जे पुरुष होते ते बहुतेक सामी. जिथे त्यांना जाळले त्या स्टाइलनेस येथे २०११ मध्ये स्मारक झाले. मासे वाळवायच्या मांडवासारखा लाकडी सांगाडा, त्यात ताणलेली सव्वाशे मीटर लांब कापडी बोळकांडी, आणि आत ९१ लहान खिडक्या; प्रत्येकीत एक दिवा आणि शेजारी त्या माणसाच्या खटल्याचा मजकूर. मी गेलो तेव्हा वारा इतका होता की ती बोळकांडी शिडासारखी फडफडत होती आणि दिवे हलत होते. मजकूर वाचत मी सातव्या-आठव्या खिडकीपर्यंत गेलो, पुढे नुसताच चालत राहिलो.

यापेक्षा सुखाचा काळ म्हणजे पोमोर व्यापाराचा. पोमोर म्हणजे श्वेत समुद्राच्या काठचे रशियन लोक. या किनाऱ्यावर धान्य पिकत नाही, आणि माशांना मीठ न लावता थंड वाऱ्यावर नुसते लाकडी मांडवांवर टांगून वाळवायची रीत आहे. आपल्याकडे बोंबील वाळवतात त्याच जातीची, फक्त ऊन नसलेली. ही रीत वसंत ऋतूपर्यंतच चालते. उन्हाळ्यात माश्या बसतात, अळ्या पडतात आणि मासा वाया जातो. नेमक्या त्याच महिन्यांत पोमोरांची जहाजे राय या धान्याचे पीठ (आपली मोहरी ती राई वेगळी), लाकूड, डांबर आणि दोर घेऊन यायची आणि तो मासा मीठ लावून घेऊन जायची. १७४० च्या सुमारास हा व्यवहार वाढला आणि रशियन क्रांतीपर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, चालला. बर्गन आणि कोपनहेगनच्या मक्तेदार व्यापाऱ्यांच्या खात्यात पिढ्यान्पिढ्या कर्जदार असलेल्या कोळ्याला असा समोरासमोरचा ग्राहक मिळणे ही फार मोठी गोष्ट होती. १८०७ नंतर इंग्रज आरमाराने नाकेबंदी केली तेव्हा तर या पिठावरच किनारा जगला. या देवघेवीतून सुमारे चारशे शब्दांची एक मिश्र बोलीसुद्धा तयार झाली. तिला स्थानिक लोक ‘मोया पो त्वोया’ म्हणत, म्हणजे साधारण ‘मी तुझ्या भाषेत’. आणि नॉर्वेजियनांना आपण रशियन बोलतो आहोत असे वाटे, रशियनांना आपण नॉर्वेजियन बोलतो आहोत असे वाटे, असे तिच्याबद्दल सांगतात.

मक्तेदारी उठल्यावर १७८९ मध्ये वार्डो आणि हामरफेस्ट यांना शहराचा दर्जा मिळाला. हामरफेस्टला एक दगडी स्तंभ आहे, त्याचा उल्लेख मराठी वाचकासाठी मुद्दाम करतो. पृथ्वीचा नेमका आकार काढण्यासाठी स्ट्रूव्ह या शास्त्रज्ञाने १८१६ ते १८५५ या काळात काळ्या समुद्रापासून जी सुमारे २,८२० किलोमीटरची रेखांशरेषा मोजवून घेतली, तिचे उत्तरेचे टोक हे. त्याच काळात भारतात कन्याकुमारीपासून उत्तरेकडे अशीच रेषा मोजत आलेला विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला.

रशियाशी सीमा ठरली ती १८२६ मध्ये. तोपर्यंत पूर्वेकडचा मुलूख दोघांच्या सामाईक वहिवाटीत होता. सीमा आखल्यावर दोन्हीकडे ये-जा करणाऱ्या सामींची कोंडी झाली. त्यानंतर सामी आणि फिनलंडकडून दुष्काळात आलेले क्वेन लोक यांना नॉर्वेजियन करून टाकण्याचे धोरण आले. १९०२ च्या कायद्याने तर नॉर्वेजियन भाषा लिहिता-वाचता-बोलता येणाऱ्यालाच इथे सरकारी जमीन विकत घेता येऊ लागली. सामींची स्वतःची संसद काराशोकला सुरू व्हायला १९८९ साल उजाडले.

आता आपला दुसरा प्रश्न. जो प्रवाह फिनमार्कची बंदरे मोकळी ठेवतो तोच पुढे रशियाचे मुर्मान्स्कही मोकळे ठेवतो, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तांची सामग्री त्याच बंदरात उतरत होती. ते घेण्यासाठी, नॉर्वे ताब्यात असलेल्या जर्मनांनी रशियाच्या सीमेजवळच्या शिर्केनेसला मोठा तळ केला. १९४१ चा हल्ला मुर्मान्स्कच्या अलीकडेच लित्सा नदीवर अडला आणि आघाडी तीन वर्षे तिथेच राहिली. या काळात शिर्केनेसवर तीनशेहून अधिक हवाई हल्ले झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये रशियाची लाल सेना पुढे सरकली आणि २५ तारखेला तिने शिर्केनेस घेतले. त्या दिवसांत तीन हजारांच्या आसपास लोक ब्योर्नेवातन येथील लोखंडाच्या खाणीच्या बोगद्यात लपले होते, आणि तिथे दहा मुले जन्मली.

२८ ऑक्टोबरला हिटलरचा हुकूम निघाला की सगळी माणसे सक्तीने हलवा आणि मागे काहीही शिल्लक ठेवू नका, म्हणजे रशियनांना हिवाळ्यात आसरा मिळणार नाही. सुमारे ५०,००० लोकांना दक्षिणेला नेले. सुमारे २५,००० हुकूम न मानता गुहांत, उलट्या होड्यांखाली, मातीच्या खोपटांत राहिले. ताना नदीपासून पश्चिमेला शेजारच्या ट्रॉम्स प्रांतातल्या लिंगेन फ्योर्डपर्यंत अकरा हजारांच्या आसपास घरे जाळली गेली. शाळा, चर्चे, दवाखाने, धक्के, तारेचे खांब, काहीही सोडले नाही. हामरफेस्टमध्ये उभी राहिली ती एकच वास्तू, स्मशानातले लहान प्रार्थनामंदिर. आणि गंमत म्हणावी की काय, रशियन सैन्य तानाच्या पुढे फारसे आलेच नाही, आणि सप्टेंबर १९४५ मध्ये आपण होऊन परत गेले. हा हुकूम अमलात आणणारा सेनापती रेंडुलिक याला न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने इतर गुन्ह्यांसाठी शिक्षा दिली, पण या जाळपोळीच्या आरोपातून सोडले. त्या वेळच्या माहितीवर त्याला ही लष्करी गरज वाटली असेल, असा तो निवाडा होता. मला तो आजही पटत नाही.

शांतता झाल्यावर सरकारने परतण्यावर बंदी घातली, कारण राहायला छप्परच नव्हते. लोक तरीही मिळेल त्या होडीने आले आणि जळक्या खिळ्यांपासून सुरुवात करून त्यांनी घरे उभारली. पुढे सरकारी आराखड्यांवर हजारो घरे झाली: छोटी, चौकोनी, उतरत्या छपराची, एकाच तोंडवळ्याची. छायाचित्रांत आपल्याला दिसतात ती हीच.

तरीही जुनी घरे पाहायचीच असतील तर वार्डोपासून चाळीसेक किलोमीटरवर हामनिंगबर्ग आहे. घाईत माघार घेताना जे थोडे वाचले त्यांत हे एक. युद्धापूर्वीची बरीचशी लाकडी घरे तिथे अजून आहेत. मात्र चांगले बंदर नसल्याने १९६० च्या दशकात गाव उठले, आता लोक तिथे फक्त उन्हाळ्यात येतात. हिवाळ्यात तो रस्ता बंद ठेवतात, आणि मी एप्रिलमध्ये गेल्यामुळे बर्फाच्या ढिगापाशी गाडी वळवावी लागली. आपण जाणार असाल तर जूनच्या आत जाऊ नका.