नूडल्सच्या ब्रँडवर लेख लिहिण्याआधी

विकिपीडियावरच्या तुमच्या पहिल्याच लेखाला नूडल्सच्या ब्रँडचा विषय, छान निवडलात! फक्त लिहायला बसण्याआधी एक गोष्ट तपासा: कंपनीशी संबंध नसलेल्या कुणी या ब्रँडबद्दल सविस्तर लिहिलंय का? विकिपीडियावर उल्लेखनीयता, म्हणजे विषयाला स्वतंत्र लेख मिळावा की नाही, हे त्यावरच ठरतं. गल्लोगल्ली मिळतो, घरोघरी आवडतो, एवढ्याने भागत नाही.

मॅगीचंच बघा. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती बाजारातून मागे घ्यायला लावली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वर्तमानपत्रांनी हे सगळं खोलात जाऊन छापलं. तुमच्या ब्रँडसाठीही असे दोन-तीन भक्कम, स्वतंत्र संदर्भ शोधा.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- कंपनीचं प्रसिद्धिपत्रक संदर्भ म्हणून देतात. तेच पत्रक पाच वर्तमानपत्रांत जसंच्या तसं आलं, तरी बोलणारी कंपनीच.
- ‘चविष्ट’, ‘सर्वांची लाडकी’ अशी जाहिरातीची भाषा वापरतात.

संदर्भ कमी पडले तर नाराज होऊ नका. कंपनीवरच्या लेखात या ब्रँडबद्दल एक चांगला परिच्छेद जोडा. मला तर अर्धवट स्वतंत्र लेखापेक्षा तोच जास्त मोलाचा वाटतो. साचे (लेखात वापरायचे तयार नमुने), वर्गवारी नंतर बघू. आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) संदर्भ गोळा करा आणि मला दाखवा.