वाचकांचे प्रश्न : पहिली खेळी जी ४

प्रश्न : दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या धरमपेठेतील कट्ट्यावर बुद्धिबळाला भलताच रंग चढला आहे. मी पहिल्याच खेळीत राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे, म्हणजे जी ४ या घरावर नेतो, म्हणून जाणते खेळाडू हसतात. असे प्रयोग सोडून द्यावेत काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सोडू नयेत, पण त्यांची किंमत ओळखावी. ‘ग्रोब’ नावाच्या या सुरुवातीची सारी मोहिनी एका सापळ्यात आहे. काळ्याने प्यादे डी ५ वर आणून, आपला उंट जी २ वर आल्यावर, जी ४ वरचे प्यादे उंटाने मारले आणि पुढे आपण सी ४ वर दिलेले प्यादेही हावरेपणाने खाल्ले, तर आपला उंट बी ७ वर झेपावून कोपऱ्यातील हत्तीला पेचात पकडतो. मात्र काळ्याने ते दुसरे प्यादे न घेता शांतपणे प्यादे सी ६ वर आणले, की सापळा फसतो आणि आपल्या राजाच्या बाजूचे भगदाड तेवढे उरते.

विचित्र पहिली खेळी यशस्वीही ठरू शकते. १९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे इंग्लिश ग्रँडमास्टर टोनी माइल्स यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तत्कालीन जगज्जेते कार्पोव यांच्या ई ४ या प्याद्याच्या खेळीला प्यादे ए ६ असे उत्तर देऊन डाव जिंकला होता. त्या खेळीमागे बी ५ आणि उंट बी ७ अशी योजना होती आणि राजाची तटबंदी शाबूत होती (शिवाय खेळणारे माइल्स होते!). आपण कट्ट्यावरच्या जलद डावांत जी ४ खुशाल खेळावे. स्पर्धेत विचित्रपणाची हौस असल्यास काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ए ६ निवडावे.